तिसऱ्या पिढीतला काजू कारखाना चौथ्या पिढीकडे सोपवताना मालकी, काम आणि जमीन यांची घडी कशी बसवावी?

प्रश्न : वेंगुर्ल्याचा कारखानदार

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण कोकणात काजू, आंबा किंवा कोकमाचे कारखाने भाऊबंदांसह चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या तो ओळखीचा असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या आजोबांनी वेंगुर्ले तालुक्यात १९६४ साली स्वतः जमीन विकत घेऊन काजूची भट्टी घातली. त्या काळी बी उघड्या भट्टीवर भाजली जाई आणि टरफलातल्या तेलाने कातडी पोळू नये म्हणून बायका हातांना राख लावून ती फोडत. वडिलांच्या हयातीत बॉयलर आला आणि बी वाफेवर शिजवली जाऊ लागली. माझ्या काळात ड्रायर आणि साल काढण्याचे यंत्र आले. आज आम्ही वर्षाला साधारण दीडशे टन बी फोडतो. चाळीस माणसे कामाला आहेत, त्यांतल्या बत्तीस स्त्रिया, आणि त्यांच्यापैकी काहींच्या आया आजोबांच्या वेळी बी फोडण्याच्या कामाला होत्या. घरच्यांनी केलेली उचल वजा न करता गेल्या पाच वर्षांचा नफा लाखांत सांगायचा तर २२, ९, ३, २० आणि १६ असा आहे.

आजोबा १९८३ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. पुढच्या वर्षी वडील आणि दोन काका यांनी समान हिश्श्याची भागीदारी संस्था केली. वडील २०११ मध्ये गेल्यावर त्यांच्या जागी मी आलो आणि करारपत्र नव्याने झाले. मधले काका नोकरीनिमित्त मुंबईला गेले ते तिथेच राहिले. कारखान्यात त्यांनी कधी काम केले नाही, पण तिसरा हिस्सा त्यांना दर वर्षी जातो. धाकटे काका बीची खरेदी आणि हिशेब पाहत असत. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, हंगामाच्या तोंडावर, ते गेले. त्यांची दोन्ही मुले पुण्यात नोकरीला आहेत. कारखान्याखालच्या पावणेदोन एकराच्या सात-बारावर तिघा भावांच्या शाखांची नावे आहेत. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हापासून इकडच्या जमिनीचे जे भाव कानावर येतात ते ऐकून, आपण बी फोडत कशाला बसलो आहोत, असा प्रश्न मलाच पडतो. चुलतभावांना तो पडला तर त्यांना दोष कसा देऊ?

माझे वय अठ्ठावन्न आहे. मुलाला या कामात रस नाही आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले आहे. मुलगी अन्नतंत्रज्ञान शिकून, चार वर्षे बाहेर नोकरी करून परत आली असून तीन वर्षांपासून शिजवणी ते प्रतवारी हे सारे काम तीच पाहते. ती पगार घेत नाही. मी महिन्याला तीस हजार रुपये घरखर्चाला उचलतो आणि उरलेला नफा तीन ठिकाणी वाटला जातो. मी जास्त घेतो असे चुलतभावांना वाटते, आणि मला कमी मिळते असे माझ्या घरच्यांना वाटते.

आजोबा म्हणायचे, "घराचे वाटे होतत, भट्टीचे होणत नाय." हे वाक्य आम्ही सर्वांनी आजवर शिरोधार्य मानले, परंतु वाटे न करता चालवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांनी सांगून ठेवले नाही. राबणारे आणि न राबणारे यांचा हिशेब कसा मांडावा, जमीन कारखान्याच्या नावे करून घ्यावी की वेगळी ठेवावी, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे हा कारखाना चालावा असे मुलीला वाटत असेल तर आज माझ्या हातून कोणते कागद व्हायला हवेत, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

प्रतिसाद : निवृत्त करसल्लागार, रत्नागिरी

आपला प्रश्न दोनदा वाचला. त्यात भावांचा, चुलतभावांचा, मुलाचा आणि मुलीचा उल्लेख आहे, पण आजोबांना मुली होत्या की नाही याविषयी एक शब्दही नाही. आपल्याला आत्या असतील तर पुढचे सारे लिहिणे त्यांच्यापासूनच सुरू करावे लागेल. मुलींचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आला अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती दुरुस्ती वडिलोपार्जित सामायिक मालमत्तेतल्या सहदायादाच्या, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार असणाऱ्याच्या, हक्काविषयीची आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी, वडील ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले आहे. आपली जमीन मात्र आजोबांनी स्वतः घेतलेली, म्हणजे स्वकष्टार्जित. मृत्युपत्राविना वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई हे १९५६ च्या कायद्यापासूनच बरोबरीचे वारस आहेत. तलाठ्याकडे वारसनोंद करताना बहिणींची नावे घातली गेली नाहीत, म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. सात-बारा हा महसुलाचा उतारा आहे, त्याने मालकी निर्माण होत नाही. त्यांनी हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र शोधा. तोंडी "आम्हाला काही नको" याला स्थावर मालमत्तेच्या बाबतीत अर्थ नाही.

आता संस्थेकडे वळू. भागीदारी कायदा १९३२ चा आहे, आणि त्याच्या कलम ४२ प्रमाणे करारात वेगळे लिहिले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर संस्था विसर्जित होते. तेव्हा धाकट्या काकांच्या मृत्यूच्या दिवशी आपल्या करारात काय लिहिलेले होते, ते आधी पाहा. लिहिलेले असले तरी एक टांगती तलवार राहतेच. मृत भागीदाराचा हिशेब पुरता न करता त्याची मालमत्ता वापरून धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ प्रमाणे त्याच्या वारसांना दोन पर्याय असतात : त्या मालमत्तेमुळे झालेल्या नफ्यातला वाटा मागावा, किंवा हिश्श्याच्या रकमेवर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज मागावे. निवड त्यांची असते. आपण उशीर कराल तितका हा आकडा फुगत जाईल. संस्थेची नोंदणी आहे का, तेही तपासा, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला थकबाकीसाठी व्यापाऱ्यावर करारावरून दावा लावता येत नाही.

राबणाऱ्याचा आणि न राबणाऱ्याचा हिशेब न जुळण्याचे कारण मला माझ्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात प्रत्येक घरात एकच दिसले : तीन निराळ्या गोष्टींचे पैसे एकाच "नफा" या नावाखाली वाटले जातात. जमिनीचे भाडे जमिनीच्या मालकांचे असते, कामाचा मोबदला काम करणाऱ्याचा असतो, आणि या दोन्ही गोष्टी दिल्यावर जे उरते तेवढाच भांडवलावरचा नफा. आपण बाहेरून व्यवस्थापक नेमला असता तर त्याला जे द्यावे लागले असते ते स्वतःला आणि मुलीला लावा. काम करणाऱ्या भागीदाराचे मानधन आणि भांडवलावरचे १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज करारपत्रात लिहिलेले असेल, तर प्राप्तिकरातही ठरावीक मर्यादेत खर्च म्हणून मान्य होते; तेव्हा ते लिहून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. "घरखर्च" या शब्दाने मात्र फार घरे मोडली आहेत. तीस हजारांत कोणाचे घर आणि कोणता खर्च, हे कोणालाच सांगता येत नाही.

जमीन संस्थेच्या नावे करण्याची घाई करू नका. जमिनीचे मालक आणि धंद्याचे मालक हे पुढच्या पिढीत एकच लोक राहणार नाहीत, हे मान्य करून दोन्ही आजच वेगळे करावे. मालकांकडून संस्थेने दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा घ्यावा. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत असावा लागतो.

मूल्यांकनाविषयी आपल्या धंद्यापुरते एक सांगतो, कारण बाहेरचा मूल्यांकनकार येथे हमखास चुकतो. आपली खरेदी मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत होते आणि तो माल वर्षभर फोडला जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात गोदाम भरलेले आणि बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या कर्जाची, मर्यादा संपलेली असते. फेब्रुवारीत गोदाम रिकामे आणि कर्ज फिटलेले असते. ३१ मार्च हा दोहोंच्या मधला, कोणतेच चित्र न दाखवणारा दिवस आहे. धाकटे काका फेब्रुवारीत गेले आणि हिशेब मात्र मार्चअखेरच्या ताळेबंदावरून केला, तर त्यांच्या मृत्यूनंतर घेतलेली बी त्यांच्या खात्यात जाईल. नव्या करारात बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची याचे सूत्रच लिहा, आणि ती किती हप्त्यांत द्यायची तेही लिहा. किंमत भांडण नसताना ठरलेली असावी.

प्रतिसाद : दादरचा चाकरमानी

मी बाहेर बसलेल्या भावंडांपैकी आहे. त्या बाजूने सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

तळकोकणात आमच्या कुटुंबाचा मंगलोरी कौलांचा कारखाना होता. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये पहिला कारखाना काढल्यावर हा धंदा किनाऱ्याने वर सरकत आला, त्या ओघात आमच्या पणजोबांनीही भट्टी घातली. माझे वडील मुंबईला गेले आणि हिस्सा गावाकडे राहिला. दर मे महिन्यात आम्हाला आंब्यांची एक पेटी, फणसाच्या साटांचा एक डबा आणि जे काय पैसे असतील ते एका पाकिटात मिळत. चौदा वर्षे हिशेबाचा एकही कागद कोणी दाखवला नाही. मी एकदा, खरोखर केवळ कुतूहलाने, ताळेबंद पाहायला मागितला, तेव्हा गावात असे पसरले की मुंबईवाल्यांनी वाटणी मागितली. त्यानंतर मी खरोखरच वाटणी मागितली. आता दावा चालू आहे, भट्टी केव्हाच विझली आहे आणि धुराड्यावर पिंपळ वाढला आहे.

माझ्या मनाला आजही जे लागते ते असे. स्लॅबची घरे आणि रंगीत पत्रे आल्यावर कौलांचे दिवस भरत आले आहेत हे आम्हा मुंबईत राहणाऱ्यांना वेळेत दिसत होते. माझा एक भाऊ बांधकाम साहित्याच्याच व्यवसायात होता. पण "पुढे काय?" असे विचारणे म्हणजे जमीन विकायला काढणे असा अर्थ लावला जात असल्याने तो प्रश्न बैठकीत कधी निघालाच नाही. फरशा, फुलदाण्या, चुलीच्या विटा, काहीतरी करता आले असते. भट्टी होती, मातीची जाण असलेले कामगार होते.

तेव्हा आपल्या चुलतभावांना पैसे देण्याआधी आकडे द्या. वर्षातून दोनदा, हंगामाची खरेदी संपल्यावर एकदा आणि वर्षअखेर एकदा, दोन पानांचे निवेदन पाठवा : किती बी कोणत्या भावाने घेतली, किती गर निघाला, कोणाला विकला, कर्ज किती आहे. तीन टक्के व्याजाने पैसे पडून राहिले तरी माणूस गप्प बसतो. आपल्याला मूर्ख समजले जाते आहे असे वाटले की बसत नाही.

आजोबांच्या वाक्याविषयी, क्षमा मागून, एवढेच म्हणतो की "भट्टीचे वाटे होत नाहीत" हे वाक्य भट्टीजवळ बसलेल्यांना फार सोयीचे असते. १८९७ मध्ये कुलुपांपासून सुरुवात झालेल्या गोदरेज घराण्याने सव्वाशे वर्षांनंतर, एप्रिल २०२४ मध्ये, वाटणी जाहीर केलीच. गोदरेज अँड बॉइस आणि विक्रोळीची जमीन एका शाखेकडे गेली, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या दुसरीकडे. कारखाने चालू राहिले.

प्रतिसाद : देवगडची सून

माझ्या सासरचा आंब्याच्या रसाचा डबाबंद कारखाना आहे. सासूबाईंनी तो एकवीस वर्षे चालवला आणि गेली अकरा वर्षे मी चालवते. वरच्या दोन्ही प्रतिसादांत कागदांचे बरेच झाले. मुलीविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून मी तेवढेच लिहिते.

आपण म्हणता की शिजवणी ते प्रतवारी सारे ती पाहते. मग खरेदी कोण पाहते? धाकटे काका गेल्यावर ती आपण स्वतःकडे घेतली असणार. आपल्या आणि माझ्या धंद्यांत वर्षाचा नफा गेटवरच ठरतो. आत आपण फक्त तो सांडू देत नाही. शंभर किलो वाळलेल्या बीतून साधारण पाव हिस्सा गर निघतो, आणि तो बावीस किलो निघणार की पंचवीस हे गोणी उघडून, मूठभर बी कापून, पोचट आणि डागी किती ते मोजणाऱ्याच्या हातात असते. त्यातही अखंड गर किती आणि पाकळी किती, एका पौंडात २४० बसणारा किती आणि ३२० बसणारा किती, यावर भाव. आधी तिच्या हातात कापणीची सुरी आणि खरेदीचा चेक या दोन्ही गोष्टी द्या, आणि पहिल्या हंगामात ती दोन-तीन ट्रक चुकीच्या भावाने घेईल हे गृहीत धरा. माझ्या पहिल्या वर्षी मी पिकण्याआधी काढलेला कच्चा आंबा पुऱ्या भावाने घेतला होता. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसून होत्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत, रात्री जेवताना फक्त विचारले, "किती गेले?" मी आकडा सांगितला. तो विषय पुन्हा निघाला नाही, परंतु आंबा विकणाऱ्यांना त्या दिवसापासून कळले की भाव माझ्याशी करायचा.

बँकेत सही, खाद्यपरवान्यावर नाव आणि कामगारांच्या पगारपत्रकावर सही या तिन्ही गोष्टी तिच्याकडे एकाच वर्षात जाव्यात. थोडे थोडे दिले की व्यापारी, बँक आणि मुकादम, तिघेही शेवटचा शब्द वडिलांचाच धरतात. आणि तिला पगार द्या. ती पगार घेत नाही हे आपण कौतुकाने लिहिले आहे, पण ती फुकट राबते त्यातले दोन तृतीयांश चुलतभावांना नफा म्हणून वाटले जाते, याचा आपण विचार केलेला दिसत नाही.

लग्नानंतर ती जाईल, मग काय, असे आपल्याला सांगणारे भेटले असतीलच. मी लग्न करून आले आणि कारखाना मला मिळाला. ती लग्न करून वीस किलोमीटरवर गेली तर तिचा कारखाना का सुटावा? जपानमध्ये नोदा गावच्या आठ सोया सॉस उत्पादक घराण्यांनी १९१७ मध्ये एकत्र येऊन जी कंपनी केली ती आज किक्कोमन म्हणून ओळखली जाते. त्या घराण्यांनी असा नियम घातला की प्रत्येक घरातून एका पिढीत एकानेच कंपनीत यावे, आणि आलेल्याला बढतीची हमी नाही. नियम असा घाला की ज्याला यायचे त्याने बाहेर तीन वर्षे नोकरी करून यावे. तो मुलगा, मुलगी, सून की जावई हे लिहूच नका.

शेवटी गंगाजळीविषयी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे माणसे नव्हती आणि वाहतूक नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा जमिनीवर आणला. दोन हंगाम ओळीने गेले. आम्ही तगलो, कारण नफ्यातला चौथा हिस्सा वाटणीआधी बाजूला काढून मुदतठेवीत टाकायचा आणि त्यावर कर्जही काढायचे नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. दिरांना तो जाचक वाटे. ओसाकाची कोंगो गुमी ही देवळे बांधणारी संस्था इ.स. ५७८ पासून एकाच घराण्याकडे होती. ती २००६ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली ती देवळांची मागणी थांबली म्हणून एकाएकी नव्हे, तर जमिनीचे भाव चढत असताना कर्ज काढून स्थावर मालमत्तेत पैसे घातले त्याचे ओझे झाले म्हणून. चिपीचे भाव ऐकताना मला तीच आठवली.

प्रतिसाद : दोडामार्गचा लघुउद्योजक

करसल्लागार साहेबांना एक शंका. जमीन वेगळ्या मालकांकडे ठेवली तर कॅश क्रेडिटला तारण काय द्यायचे? आमच्या बँकेने जमीन गहाण घेताना सात-बारावरच्या प्रत्येकाची सही मागितली, त्यात एक जण दुबईत.

प्रतिसाद : निवृत्त करसल्लागार, रत्नागिरी

अडचण खरी आहे. जमीन गहाण असेल तर सर्व मालकांना सही करावीच लागते, आणि त्या सहीचा अर्थ त्यांना समजावून सांगणे हे कर्ज घेणाऱ्याचे काम आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादकाला सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या पतहमी निधीच्या हमीवर जमीन गहाण न ठेवताही कर्ज मिळू शकते. हमीचे शुल्क पडते, पण पाच घरांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा ते बरेचदा स्वस्त पडते.

प्रतिसाद : वेंगुर्ल्याचा कारखानदार

सर्वांचे आभार. गेले दहा दिवस कपाट उपसले आणि फोन केले, त्याचा वृत्तान्त देतो.

दोन आत्या. थोरली हयात असून गोव्यात पेडण्याला असते. धाकटी गेली, तिची तीन मुले मुंबईत आहेत. हक्कसोडपत्र कोठेही सापडले नाही. थोरल्या आत्याशी बोललो तेव्हा तिने सांगितले की कागद आधी तिचा मुलगा वाचेल, मग ती ठरवेल. आणि यंदा ओले काजूगर पाठवायचे राहून गेल्याची आठवणही करून दिली. आजी आजोबांच्या मागून गेली, तिनेही मृत्युपत्र केले नव्हते. म्हणजे जमिनीत पाच शाखा आहेत आणि माझा हिस्सा तिसरा नसून पाचवा आहे, हे अठ्ठावन्नाव्या वर्षी समजले.

२०१२ च्या करारपत्रात भागीदार मृत झाल्यास संस्था चालू राहील असे एक वाक्य आहे, पण त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची याविषयी काही नाही. संस्था १९८४ ला नोंदवलेली होती. २०१२ चा बदल निबंधकाकडे कळवायचा राहिला होता.

मग मुलीला समोर बसवून भाडे, कामाचा मोबदला आणि नफा या तीन खिशांचा हिशेब मांडला. पाच वर्षांची सरासरी चौदा लाख. माझ्या कामाचे महिना साठ हजार आणि तिच्या कामाचे चाळीस हजार धरले. एका कारखान्यात चौकशी करून हे आकडे घेतले आहेत. ते झाले वर्षाला बारा लाख. जमीन आणि शेडचे भाडे महिना पंचवीस हजार धरले, ते तीन लाख. उरले उणे एक लाख. आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. साठ वर्षे चाललेला कारखाना सरासरीने नफाच मिळवत नाही. आम्ही आमची मजुरी आणि आजोबांची जमीन वाटून खात होतो, असाच याचा अर्थ होतो ना? मुलीचे म्हणणे असे की सारा गर मुंबईच्या दोन व्यापाऱ्यांना डब्यांत न विकता अर्धा तरी स्वतःच्या पाकिटांत विकला असता, तर चित्र वेगळे दिसले असते. असेल. पण चुलतभावांपुढे हा कागद ठेवायचा कसा? चतुर्थीला सगळे मूळ घरी येणार आहेत, तेव्हा ठेवावा असे मनात आहे.

प्रतिसाद : दादरचा चाकरमानी

चतुर्थीला नको. आरतीनंतर ओटीवर बसून ताळेबंद वाचला जात नाही, आणि पाच घरच्या सुना-मुली स्वयंपाकघरात अडकलेल्या असताना ज्यांचा हिस्सा आहे त्यांच्याच गैरहजेरीत बोलणे होते. कागद आजच टपालाने सर्वांना पाठवा, आत्यांच्या मुलांनाही. गणपतीत कोणी विचारले तर उत्तर द्या, आपण होऊन विषय काढू नका.

प्रतिसाद : निवृत्त करसल्लागार, रत्नागिरी

उणे एक लाख पाहून खचू नका. त्या आकड्याने आपले काम सोपे केले आहे. जो धंदा मजुरी आणि भाडे देऊन काही उरवत नाही, त्याला नावलौकिकाची वेगळी किंमत लावता येत नाही. म्हणजे संस्थेचे मूल्य यंत्रे, शिल्लक माल आणि येणी, त्यातून देणी वजा, एवढेच. हा आकडा आपल्या भीतीपेक्षा बराच लहान निघेल, आणि त्यातले दोन हिस्से आपण व मुलगी मिळून पाच-सहा वर्षांच्या हप्त्यांत विकत घेऊ शकाल. चुलतभावांची नजर ज्या मोठ्या रकमेवर आहे ती जमिनीत आहे, आणि जमीन त्यांच्याकडून कोणी काढून घेत नाही. ती पाचही शाखांकडे राहील आणि तिला भाडे मिळेल.

क्रम असा ठेवा. प्रथम आत्यांच्या शाखांसह वारसनोंद दुरुस्त करून घ्या. त्यानंतर धाकट्या काकांच्या मृत्यूच्या तारखेचा हिशेब करून तो त्यांच्या मुलांकडून लेखी मान्य करून घ्या. मग मुलीला भागीदार करून घेणारे नवे करारपत्र आणि त्याची निबंधकाकडे नोंद. पंधरा वर्षांचा भाडेपट्टा सर्वांत शेवटी, कारण त्यावर सही करणारे मालक कोण हे पहिल्या पायरीशिवाय ठरत नाही. भाड्यात दर तीन वर्षांनी वाढीचे कलम घाला आणि मुदत संपण्याच्या दोन वर्षे आधी दोन्ही बाजूंनी बोलणी सुरू करावीत असेही लिहा. हे सारे जानेवारीअखेरपर्यंत उरकले पाहिजे. एकदा बी यायला लागली की आपल्याला आणि मुलीला गेटवरून हलता येणार नाही.